पत्र्याला लावलेला हात

शहापूरच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि भूतबित म्हटलं की माझं डोकं सणकतं. त्यामुळे मुरबाडकडच्या एका गावातली बाई कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, याच्यात कायतरी हाय," तेव्हा मी आधी तिला चांगलंच सुनावलं.

तिचा नवरा हायवेवर अपघातात गेला होता. त्याच्याच कॉम्प्युटरवर ती आता गावातल्यांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, म्हणाली. लहान मुलगी दिवसभर त्याच खोलीत अनवाणी खेळते, तिला काही झालं तर, हीच तिची भीती.

मी तिच्यासमोरच तपासलं. हिरवी वायर काळीला जोडली, पंखा फिरला. गाडीच्या हेडलाइटचे बल्ब लावून लोड वाढवत नेला. हद्द ओलांडली तसा तो आपणहून बंद पडला. मग पिवळी वायर काळीला टेकवून मुद्दाम शॉर्ट केलं, तेव्हाही क्षणात बंद. चालू करून डब्याला हात लावून बसलो, काही नाही. ठणठणीत आहे, घेऊन जा म्हटलं.

आठवडा झाला नाही तोच फोन आला, मुंग्या येतातच. चरफडत गाडीला किक मारली.

दुपारची वेळ. खोलीत पाऊल टाकलं आणि जागीच थबकलो. तिची सासू जमिनीवर बसली होती, तळवा कॅबिनेटच्या पत्र्यावर, आणि हळू आवाजात पत्र्याशी बोलत होती. भात पोटरीला आलंय, म्हैस आटली. मधेच थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला सांगू.

सुनेने मला बाहेर नेऊन सांगितलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. वाट पाहून पाहून शेवटी दर्भाचा कावळा लावला, पण म्हातारीच्या मनातून ते गेलं नाही. मग एकदा पत्रा पुसताना आतून कुणी हात धरल्यासारखं झालं. तेव्हापासून ती म्हणते, पोरगा माझा इथे अडकलाय.

मी पत्र्याला टेस्टर लावला. पेटला. आता माझी ट्यूब पेटली. माझ्या दुकानात अर्थिंग आहे, इथलं कुठाय? वायरचा माग काढत मागच्या अंगणात गेलो. तुळशीजवळ अर्थिंगची सळई पुरलेली होती आणि वायर सुटून लोंबत होती. सुतक फिटल्यावर अंगणात नवा कोबा केला, तेव्हा निघालेली, सून म्हणाली. जो थोडा करंट जमिनीत जायचा, तो आता माणसाच्या हातातून जात होता. उद्या आत काही बिघडलं असतं, तर नुसत्या मुंग्यांवर भागलं नसतं.

पक्कड काढली तशी म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"नको जोडू रे बाबा," ती म्हणाली. "तेवढाच त्याचा हात लागतो."

मी सुनेकडे पाहिलं. ती आत जाऊन मुलीला उचलून कडेवर घेऊन आली. मला फार वाईट वाटलं, पण वायर आवळली.

म्हातारीने पुन्हा पत्र्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. जागा बदलून पाहिली.

"गेला का रे?"

अर्थिंग म्हणजे काय ते तिला समजावून सांगता आलं असतं. एरवी सांगितलंही असतं, आवाज चढवून.

"गेला, आजी," मी म्हणालो. "मोकळा झाला."

तिने हात काढला, मांडीवर घेतला, आणि दुसऱ्या हाताने तो धरून बसली.