तिसऱ्यांदा दिलेली तीनचाकी

स्टेजवर संस्थेच्या अध्यक्षांनी माझी काठी मागितली. मला वाटलं, मी बसेपर्यंत धरतायत. मी दिली.

त्यांनी काठीच्या टोकानं माझ्या साडीची कड बाजूला सारली आणि माझा डावा पाय पाहुण्यांना दाखवला. नडगीवर दोनदा टकटक केलं.

"हे बघा साहेब. पोलिओ. या पायाला काईच कळत न्हाई."

साहेब म्हणाले, "अरेरे." समोर मांडवात सगळं कॉलेज बसलं होतं. माझा वर्गही.

हात लावायचा नव्हता म्हणून काठी. माझा विटाळ होता, माझ्या काठीचा नव्हता.

आणि पायाला कळत होतं. पोलिओचा पाय उचलत नाही, पण त्याला सगळं कळतं. काठीच्या टोकाला माझ्या बापानं लोखंडी कडं ठोकलं होतं. ते उन्हानं तापलेलं. चांगला चटका बसला. राग आला नाही, रडू आलं नाही. मी आपली समोरच्या तांब्याकडे बघत बसले. तांब्यावर झाकण होतं, एवढं आठवतं.

मग मला तीनचाकी सायकलवर बसवलं. हातानं फिरवायची, लाल रंगाची. तिला हार घातला, नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना हातात दिले. माझ्या ओंजळीत वरून टाकले. फोटो निघाला.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. माझं गाव बिलोली तालुक्यातलं, पण वसतिगृहात जागा मिळाली ती लातूरला. माय मला पाठीवर घेऊन फाट्यापर्यंत चालली होती आणि एसटीत बसवून खडी फोडायला परत गेली होती. दुष्काळ होता. आमच्याकडे सगळा गावच खडी फोडत होता.

वसतिगृह गंजगोलाईच्या बाजारापलीकडे आणि कॉलेज गावाबाहेर. काठी टेकत पोचेपर्यंत पहिले दोन तास संपलेले असायचे. हजेरी भरेना. प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, हजेरी नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वसतिगृह नाही. वसतिगृह गेलं की माझ्यापुढे एकच वाट होती, मायच्या शेजारी बसून हातोडा धरायचा. त्यामुळे ती तीनचाकी मला पाहिजे होती. चटका सोसूनही पाहिजे होती.

पाहुण्यांची जीप गेली. शिपाईमामा आले.

"उतर बाई. आत ठिवायची हाय."

"मला दिलीय ना?"

"दिलीय की. पर आत ठिवायची हाय."

खेळाच्या सामानाच्या खोलीत त्यांनी ती ढकलली. वरून कार्यक्रमाचा कापडी फलक टाकला आणि कुलूप लावलं. मी काठी टेकत वसतिगृहावर आले. मी विचारायला गेले तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मिळेल गं. घाई काय? आणखी मोठे साहेब यायचेत."

तेव्हा कळलं. जिल्हा नवा, म्हणजे साहेबही नवे. एक खातं उघडलं की एक साहेब, आणि प्रत्येक साहेबाच्या हातून अपंग, मागास विद्यार्थ्याला काहीतरी दिलं गेलं पाहिजे. सायकल एकच. अपंगही कॉलेजात मी एकटीच. आम्ही दोघी एकमेकींच्या सोयीच्या होतो.

दुसऱ्या वेळी पालकांना बोलावलं. माय आली. खडीचं काम बुडवून, धुतलेलं लुगडं नेसून आली. मांडवात सगळ्यांच्या मागे उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभी राहिली. अध्यक्षांनी काठी मागितली. मी दिली. पुन्हा साडीची कड, पुन्हा टकटक, पुन्हा "काईच कळत न्हाई". हार, नारळ, फोटो. पुन्हा कुलूप.

स्टँडवर मायला गाडीत बसवायला गेले. तिनं खिडकीशी जागा धरली. मग म्हणाली,

"दुखलं?"

"न्हाई."

"खोटं नको बोलू. म्या त्या पायाला तेल लावलंय तुझ्या जल्मापासून. कुठं दाबलं की तू कुठं रडतीस, मला ठावं हाय. त्याला समदं कळतंय."

गाडी हलली. खिडकीतून ती एवढंच बोलली, "तू का सांगितलं न्हाईस त्याला?"

मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसून राहिले. शाळेत वर्गाबाहेर बसवलं तेव्हाही मी सांगितलं नव्हतं. लंगडी म्हणून हाका मारल्या, तेव्हाही नाही. सोसत सोसत माझी अशी सवय झाली होती, की दुखलं तर मलाच खरं वाटत नसे. त्या दिवशी मी मुद्दाम पायावरून हात फिरवला. नडगीवर कड्याचा वळ होता. दाबला. दुखला.

तिसऱ्या वेळी सगळ्यांत मोठे साहेब येणार होते. वसतिगृहाच्या नळाला पाणी नव्हतं, आम्ही मुली ओल्या फडक्यानं अंग पुसत होतो. पण साहेबांवर धूळ उडू नये म्हणून कॉलेजच्या मैदानावर टँकरनं सडा मारला. शिपाईमामांनी सायकल बाहेर काढली, चाकांत हवा भरली, साखळीला तेल घातलं. मागच्या वेळी फोटोच्या आधी ती फार कुरकुरली होती म्हणे.

अध्यक्षांनी हात पुढे केला. "काठी दे."

"न्हाई."

त्यांना ऐकू आलं नसावं. ऐकायची सवय नव्हती. "ए पोरी, काठी दे."

"देत न्हाई. या पायाला दुखतंय. मागच्या दोन्ही टायमाला दुखलं."

माईक समोरच होता. माझाच आवाज मला मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकू आला. कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "पोरगी भ्यालीय. बसवा तिला, फोटो घ्या."

मी काठी घेऊनच बसले. हार झाला, नारळ झाला. या वेळी खोबरं घ्यायला मी ओंजळ धरली नाही. तुकडे मांडीवर पडले, मी झटकले. फोटो झाल्यावर साहेब सहज म्हणाले, "चालवून दाखव बघू."

चालवली. ओल्या मैदानातून मांडवाला वळसा घातला. चाकं जड जात होती. फाटक उघडं होतं, साहेबांच्या जीपसाठी. मी फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्याला लागले. मागून शिपाईमामा ओरडले, "बाई, आत ठिवायची हाय!"

संध्याकाळी प्राचार्य स्कूटरवर वसतिगृहाच्या दारात आले. मी सायकलवरच बसलेली.

"उतर. संस्थेची आहे ती."

"तुमीच दिलीय सर. साऱ्या कॉलेजानं पायलंय. तीनदा."

"हे उपकार विसरणं झालं. उद्या नाव काढून टाकीन."

"काढा. पर उद्या पहिल्या तासाला मी हजर हाय."

नाव काढलं नाही. वर्गही खाली आणला नाही. वर्ग वरच्या मजल्यावर होता. रोज जिन्यापाशी सायकल लावायची आणि बसत बसत एकेक पायरी चढायची. पोरं कडेनं उड्या मारत जायची. माझ्याकडे बघून हळहळायची. त्यानंतर त्या वर्षी मी एकही तास बुडवला नाही.

आता मलाही स्टेजवर बोलावतात. कधी पाहुणी म्हणून, कधी नमुना म्हणून. पायऱ्यांपाशी कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, द्या बाई काठी, धरतो. चांगल्या मनानंच म्हणत असेल. मी देत नाही. पाय दाखवायचा की झाकायचा, ते मी ठरवीन. आणि कुणी न विचारता पायाला काही लावलं, तर त्याच काठीचं टोक त्याच्या नडगीवर टेकवून विचारीन, कळतंय का.