बाबांचा हात आणि शिडाची गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. बाबांना तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते फक्त त्यांनाच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

बाबा मानपाड्याच्या एका कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायचे. नाजूक, नजरेचं काम. निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं सुरू झाली, कंप राहिला. चहाचा कप ते अर्धाच भरून घ्यायचे आणि आम्ही सगळे काही दिसलंच नाही असं वागायचो.

त्याच दिवसांत त्यांच्या डोक्यात ती गाडी आली. वाऱ्यावर चालणारी, तीन चाकांची, शिडाची. इंजिन नाही, काही नाही. रिमोटला दोनच कामं — पुढचं चाक वळवायचं आणि शिडाची दोरी ताणायची किंवा सैल सोडायची. चाकं माझ्या जुन्या स्केट्सची, डोलकाठी पडद्याच्या रॉडची, शीड फाटक्या छत्रीचं. ते त्यांनी स्वतः मशीनवर शिवलं, चार वेळा उसवून. मी ठाण्याला राहायचे, पण शनिवार-रविवार डोंबिवलीला माहेरी यायचे ते या गाडीसाठीच. बारीक सोल्डरिंग माझ्याकडे होतं. "हात तुझा, डोकं माझं," म्हणायचे. चालवणार मात्र ते. का, ते मला कळत होतं. या हाताचं अजून कुणी ऐकतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आता तारेचं सांगते. सांगायलाच हवं.

रिमोटचा हुकूम ऐकणारी एक डबी गाडीत असते, लांबचा हुकूम पकडायला तिला अँटेनाची बारीक तार असते. बाबांनी बजावलं होतं, लोंबली तरी चालेल, कापायची नाही. पण ती मेली सारखी शिडाच्या दोरीत अडकायची. एका दुपारी ते झोपलेले असताना मी वैतागून ती कापली आणि टोकाला टेप गुंडाळली. छान नीटनेटकं दिसत होतं. खाली पार्किंगमध्ये गाडी शहाण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "अगं, लांबून चालते का ते बघितलंस?" मी म्हटलं, बघितलं. कुठे बघितलं होतं?

त्याच संध्याकाळी आम्ही गेलो. ठाकुर्लीच्या पुढे, खाडीच्या अंगाला, एक रस्ता अर्धा बांधून तसाच ठेवलेला होता. लोक तिथे फिरायला यायचे, मुलं सायकल शिकायची. वारा चांगला होता. बाबांनी शीड ताणलं आणि गाडी निघाली. गेली, वळली, परत आली. हात थरथरत होता, तरी गाडी त्यांचं ऐकत होती. बाबा चक्क हसत होते. मग म्हणाले, थोडी लांब सोडतो.

लांब गेली आणि ऐकेना. सिग्नल तुटला की ती शेवटचा हुकूम धरून बसायची, आणि शेवटचा हुकूम होता शीड ताणून धरायचा. समोर सायकल शिकणारी एक मुलगी. बाबा ओरडले. मी त्यांच्या हातातून रिमोट हिसकावला, शीड सैल सोडायची दांडी पूर्ण ओढली. काहीच झालं नाही. माझा हात तर थरथरत नव्हता ना? तेव्हाच मला कळलं — तार.

गाडी सायकलवर आदळली, मुलगी पडली. हनुवटी फुटली, फ्रॉकवर रक्त. तिचे वडील धावत आले, माणसं जमली. "कोण चालवत होता? येत नाय चालवायला तर आणता कशाला इथे?"

इथे मला थांबावंसं वाटतंय. पण नाही.

मी म्हटलं, "सॉरी दादा, वय झालंय हो त्यांचं. हात थरथरतो."

लोक लगेच नरमले. म्हाताऱ्या माणसाला कोण काय बोलणार? बाबांनी त्या माणसापुढे हात जोडले. जोडलेले हातही हलत होते, त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना पटलं.

मुलीला टाके पडले, ती बरी झाली. आम्ही दवाखान्यातून रिक्षाने घरी निघालो, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "मीच दांडी उलटी ओढली असेन गं." तेव्हा बोलता आलं असतं. रिक्षात आम्ही दोघंच होतो. मी बाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ते आंघोळीला गेले तेव्हा, मी गाडीला नवी तार जोडली आणि मग ठाण्याला परत गेले. म्हणजे पुरावाही राहिला नाही.

गाडी माळ्यावर गेली. बाबांनी हत्यारं शेजारी देऊन टाकली. दाढी सलूनमध्ये करायला लागले. पुढे मला मुलगी झाली. तिला मांडीवर देऊ का विचारलं, तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "नको. माझ्या हाताचा भरवसा नाही." ती चालायला लागेपर्यंत त्यांनी तिला उचललं नाही. त्यानंतरही बोट धरायला द्यायचे ते डाव्या हाताचं. कुणी माळ्यावरून काही काढायला चढलं की मी आधी धावायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

आजार वाढणारच होता, असं डॉक्टर म्हणाले. खरंच असेल. पण हात निकामी व्हायच्या कितीतरी आधी बाबांनी तो सोडून दिला, आणि तो माझ्या एका वाक्यामुळे.

शेवटच्या महिन्यांत त्यांना भरवावं लागायचं. आई भरवायला आली की ते मानेने नको म्हणायचे आणि माझी वाट बघायचे. एकदा घास गिळून म्हणाले, "तूच भरवत जा. तुझा हात पक्का आहे."

मी पुढचा चमचा भरला.