दादाच्या बोटीला परतीची नळी: धुळे ते सुरत, एकटीने

एकटीने फिरायची मला सवय आहे, पण सुरतेला मी फिरायला गेले नव्हते. माझा थोरला भाऊ सुधाकर हजीऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटावर पाइप फिटर होता. लग्न केलं नाही, इच्छापोरच्या एका खोलीत आयुष्य काढलं. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून तो माझ्याकडे धुळ्याला असतो. बोलताना एकेकच शब्द निघतो, आणि बरेच दिवस तो शब्द ‘बोट’ हाच होता.

तिकडे खाडीत त्याची एक जुनी फायबरची बोट होती. रविवारी रमणभाई नावाच्या मच्छीमाराबरोबर तो तीत बसून फिरायला जायचा. पेट्रोलचं इंजिन बाद झालं म्हणून दादाने जुनं डिझेल इंजिन घेऊन बसवलं, आणि टाकीचं काम राहिलं असतानाच आजारी पडला. डिझेल इंजिन लागतं त्याहून जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं परत टाकीत सोडतं. जुन्या टाकीला डिझेल बाहेर जायची वाट होती, परत यायची नव्हती. दादाला काय हवंय ते कळायला मला अख्खी दुपार लागली.

“चालू,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “मग रमण.”

बोट रमणभाईला द्यायची, पण चालती करून.

शेजारच्या मंदाताईंवर दादाला सोपवून मी सकाळची सुरत एसटी पकडली. साक्री, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा रस्ता. एकटीने जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरू नका, दुपारभर ऊन तोंडावर येतं. नवापूरला बस थांबते तिथली भजी गरम असतात, चहा फार गोड. पुढे पाट्या गुजराती होतात आणि उसाची शेतं सुरू होतात. शेजारची बाई व्याऱ्याला उतरली. उतरताना तिने ‘आवजो’ म्हटलं, म्हणजे आपलं ‘येते हं’. दिवसभरात माझ्याशी कोणी आपणहून बोललेला तो एकच शब्द.

सुरत स्टेशनबाहेर रिक्षावाले इच्छापोरचं भाडं तोंडाला येईल ते सांगतात. शहर बस स्वस्त पडते, फक्त एकदा बदलावी लागते. दादाच्या खोलीचं कुलूप उघडायला जोर लावावा लागला. आत खाट, गॅसची शेगडी आणि पाइपचे तुकडे जोडून केलेलं एक मांडणीचं कपाट. वस्तू इतक्या नीट लावलेल्या होत्या की कुठे हात लावावा कळेना. खाली जाऊन लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा सुरती नाश्ता, आणला आणि खाटेवर बसून खाल्ला. भिंतीपलीकडे कोणाच्या तरी घरी टीव्हीवर मराठी मालिका चालू होती. ती संपेपर्यंत मी तशीच बसले होते.

सकाळी रमणभाईने टाकी टेम्पोतून भटूच्या वर्कशॉपवर आणली. भटू साक्रीकडचा, इथे फॅब्रिकेशनची कामं करतो. मी कोण ते सांगितल्यावर त्याने आधी स्टूल पुसलं.

“बठा ताई. दादा कसा शे?”

घरची अहिराणी त्या लोखंडाच्या आवाजात ऐकून मीही अहिराणीतच उत्तर दिलं. भटूने सांगितलं की रविवारी खाडीला पाणी नसलं की दादा इथे येऊन बसायचा. काम नसायचं, बोलायचाही फारसा नाही. मी बसले होते ते स्टूल त्यानेच स्वतःसाठी करून ठेवलेलं.

टाकी वेल्ड करायला भटूने साफ नकार दिला. आधी पेट्रोलची होती, कितीही धुतली तरी आत वाफ राहते, ठिणगी पडली तर तिघंही जाऊ, असं तो म्हणाला. म्हणून टाकीवरचं गोल झाकण खोलून घेतलं. त्यातूनच इंजिनाकडे जाणारी नळी खाली उतरत होती. झाकण बाहेरच ठेवून दुसरं भोक पाडलं, म्हणजे कीस आत पडायला नको. त्यात पितळेचं फिटिंग आणि आखूड नळी बसवली, खाली नवं पॅकिंग घातलं. तुमच्यापैकी कोणाची बोट असेल तर हे असंच करा, पण पुढचंही वाचा.

टाकी बोटीत बसवून दुपारच्या भरतीला रमणभाई आणि मी निघालो. भरतीची वेळ मच्छीमारांनाच विचारून ठेवा, ओहोटीला त्या खाडीत नुसता चिखल उरतो. इंजिन लागलं. कडेची खारफुटी मागे गेली, समोर तापी एकदम रुंद झाली. आमच्या धुळ्याच्या पांझरा नदीचं पाणीही याच वाटेने समुद्राला जातं, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. मग इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं.

बोट ओढीबरोबर सरकत राहिली. लांबवर कारखान्यांच्या चिमण्या, एक मोठं जहाज, आणि आमची हाक ऐकू जाईल असं कोणी नाही. रमणभाईने नांगर टाकला. इतका वेळ गप्प असलेला तो माणूस तेव्हा बोलला.

“बेन, भाई हवे नथी आववाना?”

दादा आता येणार नाही का, हे त्याने वर्षभर कोणाला विचारलं नसावं. मी नाही म्हणून मान हलवली. नंतर त्याने नळ्यांतली हवा काढली आणि थांबत थांबत आम्ही काठाला लागलो.

संध्याकाळी वर्कशॉपमधून मंदाताईंना व्हिडिओ कॉल लावला आणि झाकण कॅमेऱ्यासमोर धरलं. दादाने ते बराच वेळ पाहिलं. मग चांगल्या हाताची दोन बोटं वर केली, एकमेकांना चिकटवली आणि नाही म्हणून मान हलवली. पुढे त्याने ती जेवढी फाकतील तेवढी फाकवली.

“लांब,” भटू म्हणाला. परतीचं डिझेल वरून, ओढणाऱ्या नळीच्या शेजारीच पडत होतं, त्याचे बुडबुडे परत इंजिनात जात होते. त्याने लांब नळी घातली आणि वाकवून टाकीच्या दुसऱ्या टोकाला, तळाजवळ नेली. दादा स्क्रीनवरून काम संपेपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तापीच्या मुखापर्यंत जाऊन आलो. इंजिन एकदाही अडलं नाही. काठावर रमणभाईच्या बायकोने बोटीला हळदकुंकू लावलं आणि मला वाटीभर पोंक दिला, म्हणजे आपला हुरडा. मी रमणभाईला किल्ली दिली. त्याने ती घेतली, पण कमरेला न खोचता हातातच धरून ठेवली. मग मी खोलीचं सामान बांधलं. शेजारचं कुणीतरी दादाची चौकशी करायला येईल म्हणून दार उघडं ठेवलं होतं. कोणी आलं नाही.

धुळ्याला पोचल्यावर दादाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आवाज?”

मी रेकॉर्डिंग केलं नव्हतं, सुचलंच नाही. म्हणून इंजिनाचा आवाज तोंडानेच काढला, टुकटुक टुकटुक. तो मान हलवून नाही म्हणाला. मी सावकाश, जड आवाजात काढला. पुन्हा नाही. आणखी सावकाश काढला तेव्हा त्याने डोळे मिटले. मी थांबले तर त्याचा हात वर आला, चालू ठेव म्हणून. स्वयंपाक राहिला होता, बॅगही दारातच होती. मी खाटेच्या कडेला बसून इंजिन चालू ठेवलं.