गरिबी बघायला आलेले पाहुणे

एमबीएला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या भाजे गावात मला सगळ्यांनी दोनच प्रश्न विचारले. हे शिकून काय होतं, आणि ह्याला पैसे कोण देणार. पहिल्याचं उत्तर मलाही नीट देता येत नव्हतं. दुसऱ्याचं पाठ होतं. कॉलेजची फी शासनाच्या शिष्यवृत्तीतून जाणार होती. पण पुण्यात राहायचं, जेवायचं, लॅपटॉप घ्यायचा, त्यासाठी फेलोशिप हवी होती. ती मिळाली नाही तर लोणावळ्याच्या ज्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात वडील होते, तिथेच रिसेप्शनला उभं राहायचं. मॅनेजरने जागा धरूनही ठेवली होती. लोक म्हणायचे, पोरीचं नशीब चांगलं. मला त्या नशिबाची धास्ती बसली होती.

फेलोशिप देणारी पुण्यातली एक खाजगी संस्था होती. व्यवस्थापन शिकणाऱ्या गरजू मुलांचा दोन्ही वर्षांचा खर्च ती उचलायची. अर्ज झाला, लेखी परीक्षा झाली, मुलाखतीत मी न अडखळता बोलले. उरली फक्त घरभेट. संस्थेची माणसं घरी येऊन परिस्थिती बघणार होती. परिस्थिती म्हणजे इस्त्री केलेली गरिबी. मोठ्या माणसांना साधा शब्द उच्चारायला जड जातो.

मी वस्तीत सांगितलं की रविवारी पुण्याची माणसं मला बघायला येणार आहेत. कशासाठी येणार तेही नीट समजावलं. सगळ्यांना समजलंही. पण पाहुणे पोरीला बघायला आले की काय करायचं, याची आमच्या बौद्ध वस्तीत एकच रीत आहे. ज्या घरी बघणी, त्या घरी सगळ्या आळीतलं चांगलं सामान जातं. एका घरचा मुलगा तळेगावला कंपनीत आहे, त्यांचा सोफा. शेजारच्या मावशींचा फ्रीज. कुणाचे पडदे, कुणाच्या कपबशा, विहारातली सतरंजी. वस्तीतल्या बहुतेक लेकींचे सासरे त्याच सोफ्यावर बसून पोहे खाऊन गेलेत. पाहुणे गेले की सामान आपापल्या घरी परत. ह्यात कुणी कुणावर उपकार केला असं नसतं. आज तुझी पोर, उद्या माझी.

त्या रविवारी वडील हॉटेलात होते. शनिवार-रविवारी लोणावळ्यातल्या माणसाला सुट्टी मागायची सोय नसते. एक मॅडम आल्या, बरोबर एक सर होते. मावशी माझ्या कानाशी लागल्या, "चा देताना खाली बघ. लय बोलू नगं." मी म्हटलं, "मावशी, माझं लगीन न्हाई ठरत." त्या म्हणाल्या, "मग? पाव्हणं ते पाव्हणंच."

मॅडम सोफ्यावर बसल्या, पोहे आवडीने खाल्ले, "छान ठेवलंय हो घर," म्हणाल्या. आईचा चेहरा फुलला. सरांनी मोबाइलवर फोटो काढले. फ्रीजचा काढला, पडद्यांचा काढला, माझा नाही काढला. काय शिकणार, का शिकणार, हे दोघांनीही विचारलं नाही.

आठवड्याभरात उत्तर आलं. घरभेटीत दिसलेली परिस्थिती अर्जातल्या माहितीशी जुळत नाही, म्हणून अर्जाचा विचार करता येणार नाही. आईने विचारलं, "म्हंजी काय?"

"म्हंजी आपून श्रीमंत निघालो."

आधी मला हसू आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला त्यांच्याकडे होता. तो खोटा आणि मावशींचा फ्रीज खरा. गरीब असणं पुरेसं नव्हतं, ते दिसायलाही हवं होतं, आणि तेही त्यांना ओळखू येईल असं.

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, ते सामान आमचं नव्हतं.

"मग कोणाचं होतं?"

"वस्तीचं. पाहुणे आले की आमच्याकडे असंच करतात."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मी पुन्हा येते. पण या वेळी घर जसं आहे तसंच राहू दे." मी हो म्हटलं. म्हणताना जिभेला कडू लागलं, तरी म्हटलं.

आई भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं की ह्या खेपेला काही आणायचं नाही.

"मंग त्यांना भुईवर बशिवू?"

"व्हय. एकदाच."

"घर उघडंनागडं बघाया येत्यात ते पाव्हणं न्हाईत. झडती घ्याया येत्यात म्हन."

"आई, माझं शिक्षण हाय त्यात. न्हाईतर हॉटेलात उभं ऱ्हायचं."

ती गप्प झाली. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मला वाटलं, पटलं.

ठरलेल्या रविवारी सकाळी दारात आवाज झाला. बघते तर मावशी पुढे, मागे दोन बाप्ये, आणि त्यांच्या खांद्यावर सोफा. मी दारात आडवी उभी राहिले.

"वाट सोड," मागून आई म्हणाली.

"तू कबूल झाली व्हतीस."

"कवा? मी गप बसले व्हते."

मी हटले नाही. आई माझ्या बाजूने बाहेर गेली आणि सोफ्याचं एक टोक तिनेच धरलं. आईच्या हातात सोफ्याचा भार असताना मी वाट अडवून कशी उभी राहणार? मी सरकले. त्यानंतर फ्रीज आला, पडदे आले, कपबशा आल्या, आणि सामानामागोमाग ज्यांचं ते सामान त्या बायकाही आल्या. लेणी बघायला आलेल्या गाड्यांनी रस्ता अडला होता, म्हणून मॅडमना उशीर झाला. तेवढ्या वेळात माझी फेलोशिप घालवणारं सगळं सामान माझ्याच घरात मांडून झालं होतं. मी मनातल्या मनात रिसेप्शनवरची साडी नेसून बघितली.

फेलोशिप शेवटी मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते. ती मिळाली म्हणून मी हे लिहीत नाही. नसती मिळाली तरी त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते तसंच सांगितलं असतं, आणि मान वर करूनच.

मॅडम उंबऱ्यावरच थांबल्या, मागे ते सर. सोफ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फोनवर काय ठरलं होतं, असं ती नजर म्हणत होती. मी काही बोलणार तोच आई पुढे झाली.

"बसा ताई. पोरीनं मला सांगितलं व्हतं काय आणू नगं म्हनून. मी आयकलं न्हाई. आता येकेकीचं सांगते, घ्या लिहून. सोफा हिचा, पोरगा कंपनीत हाय. फ्रीज ह्या मावशींचा. पडदं त्या कोपऱ्यातलीचं. कपबश्या हिच्या, भयनीनं दिल्यात." आई नाव काढेल तशी एकेक बाई आपापल्या वस्तूशेजारी जाऊन उभी राहत होती. एकीनेही मान खाली घातली नाही. मावशींनी तर फ्रीजवर हात ठेवला. "तुमी गेल्यावर ह्ये सगळं जाईल. उद्या ह्यातल्या कुनाच्या घरी पाव्हणं आलं तर परत निघंल. आमच्यात मान्साला असंच बशिवत्यात. तुमी पैसं द्या नायतर नगा देऊ, भुईवर बशिवनार न्हाई."

सरांनी मोबाइल वर केला होता, तो खाली घेतला. मॅडम अजून उभ्याच होत्या.

"मग यातलं तुमचं काय?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

आईने माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं. "ही. हिलाच बघाया आलाय न्हवं? मंग हिला बघा की. भित्ती काय बघताय."

मॅडमनी हातातली फाइल पिशवीत टाकली. सोफ्याच्या एका कडेला बसल्या आणि मला म्हणाल्या, "ये, बस. काय करायचंय तुला एमबीए करून?"

आमच्याकडे बघायच्या पोरीसाठी समोर पाट मांडलेला असतो. पाहुण्यांच्या शेजारी ती कधी बसत नाही. मी सगळ्या वस्तीदेखत सोफ्यावर बसले, पाठ टेकली, आणि बोलायला लागले.