उलटं स्वागत

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळायचो आणि घरी, बाबांच्या मागाशेजारी बसून, चौसष्ट लाल दिव्यांची पाटी जोडायचो. आठ आडव्या ओळी, आठ उभ्या. कोणता दिवा केव्हा पेटायचा ते एक बोटभर मायक्रोकंट्रोलर चिप ठरवणार होती. मी माग सोडला म्हणून बाबा कधी रागावले नाहीत. फक्त माझ्या उद्योगाला ते काम म्हणत नसत. "खेळून झालं का, बाबू?" असं विचारत. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागायचं.

कॉलेजच्या प्रदर्शनात पाहुण्यांसाठी पाटीवर 'स्वागत' उमटवायचं ठरलं, एका वेळी एक अक्षर. आठ चौकटींत 'स्वा' काही बसेना. शेवटी बाबांनी पेन्सिल मागून घेतली. लुगड्याच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर काढण्यात त्यांची हयात गेलेली. तासाभरात तिन्ही अक्षरं तयार झाली. मी त्यांचे आकडे केले. चिपमध्ये आकडे भरायचं यंत्र नागपूरच्या मित्राकडे होतं, त्यामुळे भरलेली चिप वरठी स्टेशनावर माझ्या हातात पडली ती प्रदर्शनाच्याच सकाळी.

प्रदर्शनात चिप पाटीत बसवून बटण दाबलं आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी उमटली.

आमच्याकडे कापडाची सुलटी बाजू विणताना खाली असते, म्हणून कागदावर अक्षर उलटं काढतात. बाबांनी सवयीनं तसं काढलं, आणि असले कागद बघत वाढलेल्या मलाही त्यात वावगं दिसलं नाही.

तेवढ्यात पाहुणे आले. पाटीसमोर उभे राहून संगणकयुगावर दहा मिनिटं बोलले, टाळ्या घेतल्या आणि चहाला गेले. पाटी वाचली कोणीच नव्हती.

गर्दी पांगल्यावर मागे उभे असलेले बाबा पुढे आले.

"काहून रे, हे उलटं दिसून राहिलं?" मग स्वतःच हसले. "मीच काढलं ना तसं! आता रे?"

"चिप पुन्हा नागपूरला न्यावी लागेल."

"कायले? ह्या आठ तारा उभ्या ओळींच्या ना? पहिली शेवटी लाव, शेवटची पहिले. बस."

मी तारांची पट्टी उपटून उलटी खोचली. 'स्वा' सरळ उभा राहिला.

बाबांनी पाटीवर वीत ठेवून रुंदी मापली, गिऱ्हाइकासमोर कापड मापावं तशी.

"पन्हा कमी हाये तुया," ते म्हणाले. "वाढव."