दह्याच्या डब्यातला स्पंज

सकाळी दुकान उघडलं की मामा आधी प्रत्येक टाकीत करंगळी बुडवायचे आणि ती नाकाशी न्यायचे. मग टाकीलाच सांगितल्यासारखं "ठीक हाय" म्हणायचे आणि बोट पँटीला पुसायचे. बारा टाक्या, बारा वेळा करंगळी. त्यांच्या पँटीची उजवी बाजू कायम ओली असायची, आणि त्यावरून बाजारात जे बोललं जायचं ते मी इथे लिहीत नाही.

मामा म्हणजे सगळ्या बाजाराचे मामा. महाडच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं रंगीत माशांचं. मूळचे डोंगरातल्या कुडपण गावचे. तरुणपणी मुंबईत एका माशांच्या दुकानात टाक्या धुवायला लागले आणि वीस वर्षांनी परत आले ते टेम्पोभर काचेच्या टाक्या घेऊनच. गावात नाचणी-वरी करणाऱ्या भावांनी कपाळाला हात लावला. मासे विकायचेच तर खायचे विक, असं त्यांचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर माझंही तेच म्हणणं होतं.

कारण दुकानदार म्हणून हा माणूस अगदीच बिनकामाचा. त्यांच्याकडे तुम्हाला टाकी मिळायची, खडी मिळायची, पंप मिळायचा, पाण्यातली चार रोपं मिळायची. मासा तेवढा मिळायचा नाही. "मासा नंतर. आधी पाणी पाळायचं." तीन आठवडे नुसती पाण्याची टाकी चालू ठेवायची, आणि घरातल्यांनी विचारलं की आत काय आहे, तर पाणी आहे म्हणून सांगायचं. मग त्यातलं बाटलीभर पाणी मामांना आणून दाखवायचं. मामा करंगळी बुडवणार, हुंगणार, आणि मर्जी झाली तर तीन गप्पी देणार. चौथा मागितला की म्हणायचे, "तू एका खोलीत धा पाव्हणे घेतलेस तर सकाळी काय वास येल, सांग?"

गणपतीच्या आधीचे आठ दिवस तर नुसती करमणूक. मुंबईकर गावाला उतरले की मखराशेजारी ठेवायला टाकी हवी. परवा हवी, दिव्यांची हवी आणि सोनेरी माशांसकट हवी. मामांच्या नात्यातला एक जण तर रिक्षा थांबवूनच आत आला.

"मामा, टेन्शन नको. मी सगळं मोबाइलवर बघितलंय."

"बघितलंस ना? मग सांग, गौरी गेल्या की तू जाणार मुंबईला. पाणी कोण बदलणार? आईला विचारलंस?"

त्याने मोबाइल खिशात घातला.

"आता टाकी ने. आईला पाणी पाळायला शिकव. मासे पुढच्या गणपतीला."

रिक्षा रिकामी गेली. मी माझ्या काउंटरवरून मामांना कोपरापासून हात जोडले, तर त्यांनीही उलट मला जोडले.

जेवणाचं मात्र त्यांचं वेगळंच. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असायचीच. ती खाताना ते खुर्ची फिरवून टाक्यांकडे पाठ करून बसायचे. मी एकदा विचारलं, हे काय सोंग? म्हणाले, "त्यांना कशाला दाखवायचं रे." एवढ्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले की मला हसताही येईना.

आता माझी अक्कल सांगतो. शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून मी पोलादपूरला माझ्या घरी टाकी लावली. भाच्याने मुंबईहून पिशवीतून आठ गोल्डफिश आणले, ते त्याच संध्याकाळी नळाच्या पाण्यात सोडले. माझी आई स्वच्छतेच्या बाबतीत कोणाला ऐकत नाही. तिने रोज सगळी टाकी उपसून खडी भांड्याच्या साबणाने घासली, पंपाला लावलेला स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. पाचव्या दिवशी आठच्या आठ उलटे. मी मामांना सांगितलं, मासे मेले. ते म्हणाले, "मेले नाय. धुवून मारलेत." मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी ते स्वतःच पोलादपूरच्या गाडीत बसून घरी आले.

येताना त्यांनी पिशवीत एक काळा, बुळबुळीत स्पंज आणला होता. दुकानात मागच्या बाजूला त्यांची सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी टाकी होती, त्यातला. आमच्या चकचकीत टाकीत त्यांनी तो पिळला आणि पाणी गटारासारखं झालं. आई किंचाळायचीच बाकी होती.

"वयनी, दही लावताना तुम्ही काय घालता?"

"विरजण."

"ह्ये पाण्याचं विरजण. माशांची घाण खाणारे जंतू ह्यात हायत. तुम्ही रोज त्यांनाच धुवून काढीत होता. आता आठवड्यातून चौथा हिस्सा पाणी बदलायचं, नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, आन् स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच विसळायचा. साबण तुमच्या भांड्यांना."

आईने आठवडाभर तोंड वाकडं केलं, पण विरजणाची गोष्ट तिला पटली. तीन आठवड्यांनी मामांनी तिला मोजून तीन गप्पी दिले. अर्ध्या महाडातल्या टाक्या त्या एका जुन्या टाकीच्या विरजणावर लागलेल्या होत्या, हे मला पुढे कळलं.

आणि मग पूर आला. महाडात सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की बाजार बोलत नाही, सामान उचलायला लागतो. मामांनी स्वतःचं सोडून आधी माझं मशीन माझ्याबरोबर माळ्यावर चढवलं. जुनी टाकी हलणारी नव्हती, म्हणून त्यातला स्पंज बादलीत घालून त्यांनी आपल्या माळ्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "जा तू, आई एकटी हाय." मी शेवटच्या गाडीने पोलादपूर गाठलं. त्यानंतर रस्त्यावर दरड आली आणि वीज गेली ती चार दिवस.

पंप बंद म्हणजे स्पंजातले जंतू हवेवाचून गुदमरणार. मामांनी कधीतरी सांगितलं होतं, लाइट गेली तर पेल्याने पाणी उंचावरून ओत. मी आणि आई आळीपाळीने टाकीपाशी बसलो. ती हरिपाठ म्हणत ओतायची, मी वीज मंडळाच्या नावाने ओतायचो. सोडून द्यावंसं दहा वेळा वाटलं.

पाचव्या दिवशी रस्ता मोकळा झाला तसा महाडला पोहोचलो. पाणी माळ्यावरही चढून गेलं होतं. माझं मशीन गेलं. मामांच्या बारा टाक्यांत गळ्यापर्यंत चिखल, बादली कुठे वाहून गेली पत्ता नाही. मामा उलट्या क्रेटवर बसले होते.

"मासे?" मी विचारलं.

"गेले सावित्रीला. मजा करतील." मग म्हणाले, "पोरगा बोलवतोय मुंबईला. जातो आता. मासे परत आणता येतील रे. पाणी कुठून आणू? बाजारात दिलेल्या टाक्यापण बुडाल्या. परत पयल्यापासून पाळायला मला जमणार नाय."

भिंतीपलीकडून रोज बारा वेळा येणारं ते "ठीक हाय" मला हवं होतं. पण असं बोलायची आम्हाला सवय नाही. मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत कुठे जाऊ नका," आणि उलट पावली घरी आलो.

आईला सांगितलं तर तिने काही न विचारता दह्याचा स्टीलचा डबा काढला. आमच्या टाकीतला अर्धा स्पंज कापला, टाकीतल्याच पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या दिवशी तो डबा मांडीवर धरून मी गाडीत बसलो. शेजारच्या बाईला वाटलं दही आहे. मीही नाही म्हटलं नाही.

मामांनी झाकण उघडलं, करंगळी बुडवली, नाकाशी नेली. बराच वेळ नाकाशीच धरली.

"ह्ये माझंच हाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मी भिंतीकडे बघून म्हटलं, "तीन आठवडे थांबायचं. मासा नंतर."

त्यांनी मुलाला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि जुनी टाकी धुवायला घेतली, अर्थात साबणाशिवाय.

त्यानंतर मामा आणखी दोन गणपती गिऱ्हाइकं हाकलत राहिले. आईचा डबा त्यांनी परत दिला नाही तो नाहीच. मी मागितला की म्हणायचे, देतो. गेल्या वर्षी एका दुपारी जेवता जेवता गेले. डब्यात बोंबलाची चटणी होती आणि पाठ टाक्यांकडे होती.

दिवस झाल्यावर त्यांचा मुलगा दुकान आवरायला आला. टाक्या जुनं सामान नेणाऱ्या एकाला दिल्या. मग माझ्या काउंटरवर एक स्टीलचा डबा आणून ठेवला. "काका, हा तुमचा का? आत काहीतरी घाण आहे." झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मामांचं वाकडंतिकडं अक्षर: 'वयनींचा. परत देणे.'

घरी आईने तो उघडला. आत स्पंजाचा एक तुकडा, पाण्यात. ते पाणी तसंच पंधरा दिवस पडून होतं. तिने करंगळी बुडवली आणि नाकाशी नेली.

"गेलंय रे ह्ये," ती म्हणाली.

मग उठली, आमच्या टाकीपाशी गेली, तीच करंगळी त्यात बुडवली, हुंगली, आणि पदराला पुसत म्हणाली, "ठीक हाय."