पूर्वेला लोंबणाऱ्या मुंडावळ्या

मुलीने परदेशात नोंदणी पद्धतीने लग्न केलं तेव्हा आम्हाला वेळेत व्हिसा मिळाला नाही. फोनवर आम्ही दोघांनी हसतमुखाने आशीर्वाद दिले. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "पोरीच्या कपाळावर मुंडावळ्या पाहाले भेटल्या नाहीत मले." इतवारीच्या बाजारातून आणलेली मोत्यांची जोडी डब्यात तशीच पडून होती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी अचाट करायला घेतो, हा माझा जुना रोग आहे.

मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर. धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये वेळ जात नाही म्हणून मुलीनेच मला कॉम्प्युटरमधल्या एका जगाचा नाद लावला होता. तिथे प्रत्येकाची एक बाहुली असते. तिला चालवायचं, बोलवायचं, नटवायचं, आणि हवे तर दागिने स्वतः बनवायचे. फेट्याचा एक हलणारा तुरा जमल्यापासून मी स्वतःला विश्वकर्मा समजत होतो. त्या भरात जाहीर करून टाकलं, की लग्न तिथे पुन्हा लागेल, अंतरपाटासकट, आणि मुंडावळ्या मी करीन. त्याही चालताना हलणाऱ्या.

मोती कसे हलतात ते बघायला मी डब्यातली जोडी कपाळाला बांधून हॉलमध्ये येरझारा घालू लागलो. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "भाऊ, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. विरजण न घेताच गेल्या.

पहिल्या प्रयत्नात मोत्यांची सर वरच्या टोकापासून झुलायच्या ऐवजी स्वतःच्या मध्याभोवती गरगरायची, छताच्या पंख्यासारखी. मग वरच्या बाजूला तेवढीच लांब, पण न दिसणारी सर जोडली. त्यामुळे मध्य बरोबर कपाळावर आला आणि मोती झोकात झुलू लागले. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "शुभकार्याची वस्तू आहे, पूर्वेकडे तोंड करूनच बनवा." तसा मी कधी तिचं ऐकत नाही, पण यावेळी ऐकलं. माझी बाहुली पूर्वेला तोंड करून उभी केली आणि शेवटपर्यंत तशीच ठेवून सगळं तपासलं.

लग्नाच्या दिवशी बायको पैठणी नेसून लॅपटॉपसमोर बसली, मुठीत खऱ्या अक्षता घेऊन. मंगलाष्टकं मीच म्हटली, वर्गाला दटावायच्या आवाजात. अंतरपाट दूर झाला. मुलगी पूर्वेला तोंड करून उभी होती, तिच्या मुंडावळ्या सुरेख डोलत होत्या. जावयाचं तोंड पश्चिमेला. त्याच्या मुंडावळ्या कपाळातून आत शिरून डोक्यामागे वेणीसारख्या लोंबत होत्या.

"जवाईबापूच्या मागून काहून लटकून राहिल्या?" बायकोने विचारलं.

"त्यांच्याकडे तशीच पद्धत असेल," मी म्हणालो. जावई तिकडचाच असल्याने त्याला ती आमच्याकडची पद्धत वाटली असावी.

खरी भानगड वेगळीच होती. मी मोत्यांना 'पुढे लोंबा' असं सांगायच्या ऐवजी 'पूर्वेला लोंबा' असं सांगून बसलो होतो. आणि आता मुलीला आईच्या पाया पडायचं होतं. आईची बाहुली होती तिच्या पाठीमागे, पश्चिमेला.

मुलगी वळू लागली. मोती कपाळात रुतायला लागले. ती थांबली आणि पुन्हा पूर्वेला फिरली. माझ्या हातची मॉडेल्स तिने शाळेत नेलेली आहेत. कोणती बाजू भिंतीकडे ठेवायची, हे तिला लहानपणापासून कळतं.

"आई, मी वळत नाही, तूच समोर ये," ती म्हणाली.

बायकोला कीबोर्डच्या कळा दाबायची सवय नाही. ती मांडवाच्या खांबातून गेली, मग जावयाच्या अंगातून आरपार गेली आणि एकदाची मुलीसमोर उभी राहिली. मुलगी वाकली. मोती गालावर आले.

"आता दिसून राहिली वं तू मले," बायको म्हणाली आणि मूठभर अक्षता तिने थेट पडद्यावर टाकल्या. ती रडत होती. मीही रडलो, आणि निदान त्यात तरी काही चुकलं नाही.

चूक दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. नव्या मुंडावळ्या कोणत्याही दिशेला नीट लोंबतात. मुलीला पाठवल्या, तिने छान आहेत म्हणून कळवलं. डावीकडे वळायची कळ मात्र आत शिरलेल्या अक्षतांमुळे अजून अडते, त्यामुळे बायकोला तिथे चालायला वेळ लागतो. तरी दर रविवारी मुलीला भेटायला जाते. परवा मी मागे उभा राहून बघितलं. मुलीने जुन्याच मुंडावळ्या बांधल्या होत्या आणि पूर्वेला तोंड करून ती आईची वाट बघत होती.